रिठ्याचं पाणी कोणाचं

रिठे मी शोधून काढले असं माझं म्हणणं नाही. रिठे झाडाला लागतात, बाजारात पोत्याने मिळतात आणि रेशमी साडी त्यांनी धुवायची असते हे कोणालाही माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की अकोल्याच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात रोजचे मळके कपडे पावडरीचा कणही न टाकता स्वच्छ निघावेत, पांढरे पिवळे पडू नयेत आणि त्या पाण्याला वास सुटू नये, यासाठी काय किती घ्यायचं आणि कधी घ्यायचं, ते मी काढलं. दोन वर्षं लागली. ते माझं आहे. आणि अमरावतीला, माझ्या माहेरच्या मोहल्ल्यात, ते तीन वर्षं माझ्या भावजयीच्या नावावर चालत होतं.

एवढ्याशा गोष्टीचा राग कशाला धरायचा, असं मला पुष्कळांनी सांगून पाहिलं. सांगणाऱ्यांपैकी कोणीही दोन वर्षं रिठे उकळलेले नाहीत.

लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा नवरा जिनिंगमध्ये हंगामी कामाला होता. कापसाचा हंगाम संपला की घरी. मी एका कॉलनीच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली टेबल मांडलं आणि कोळशाच्या इस्त्रीवर कपडे करू लागले. पुढे लोक म्हणाले, धुऊनही देत जा. धुऊन देऊ लागले. आज दुकान आहे, दोन मशीन आहेत, पण कॉलर आणि पँटच्या मोऱ्या अजून हातानेच घासाव्या लागतात. मशीनला कॉलर कळत नाही.

बारा-तेरा वर्षं पावडरीत हात घालून बोटांची पेरं फाटली. भाकर थापताना पीठ भेगांत शिरायचं. मिरची चिरायची तर मुलाला हाक मारावी लागायची. कातडीच्या डॉक्टरने हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "पावडर बंद करा."

मी म्हटलं, "साहेब, पावडर बंद केली तं खाऊ काय?"

"मग हातमोजे घाला."

हातमोजे घालून कॉलर घासता येत नाही हे त्याला कोण सांगणार. त्याचे कपडे आमच्याकडे येत नव्हते.

तेव्हा मी रिठ्याकडे वळले. पहिल्यांदा बाजारात गेले तर किराणावाल्याने अख्खे रिठे तराजूत टाकले. अख्ख्या रिठ्यात निम्मं वजन काळ्या बीचं असतं आणि त्या बीने काहीच होत नाही.

"बिया कायले तोलून रायले भाऊ?" मी म्हटलं. "बियांनं काय कपडे धुऊ?"

"बाई, रिठा असाच येते. बीसंगं."

"येत असन. मी तसा घेत नाई. फोडा आन टरफल द्या."

"मंग सोन्याचा भाव लागन."

"लागू द्या. सोनं देताना सोनार दगड टाकून तं नाई देत?"

तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी त्याच्याच ओट्यावर बसले, त्याच्याच उंबऱ्यावर रिठे फोडले, बिया त्याच्या पोत्यात परत टाकल्या आणि टरफलं तोलून मागितली. तासभर त्याचा ओटा अडला होता. शेवटी त्याने मी म्हटलेल्या दराने दिली. पुढच्या खेपेपासून तो मला पाहिलं की टरफलांचीच थैली काढायचा.

नुसता रिठा आणून काही होत नाही हे पहिल्या आठवड्यात कळलं. मी घरचा साबण किसून त्यात टाकला. बोअरच्या पाण्यात साबणाचं दही झालं आणि कपड्यांना चिकटलं. साबण काढला, रिठा वाढवला; बनियनं पिवळी पडली. पाणी बाटल्या भरून ठेवलं; चौथ्या दिवशी झाकण उडालं आणि दुकानात ताडीसारखा वास सुटला. दर्यापूरकडची एक बाई म्हणाली, आमच्याकडे सासूच्या काळी हिंगणबेटाच्या फळाच्या गराने धुवायचे. तेही करून पाहिलं. धुतं चांगलं, पण त्याचा गर काढताकाढता दिवस मावळतो आणि चादरीला त्याचा कडवट वास राहतो. सोडून दिलं.

शेवटी जमलं ते असं. एक वाटी टरफलं, सात वाट्या पाणी, रात्रभर भिजत. सकाळी मंद आचेवर एक तृतीयांश आटवायचं. निवलं की हाताने चांगलं चोळायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायचं. एकदा नाही, दोनदा. पिवळेपणा त्या गाळात असतो. मग अर्धा चमचा धुण्याचा सोडा. तो गाळल्यावरच, आधी टाकला तर फेस बसतो. दोन दिवसांपुरतंच करायचं, साठवायचं नाही. फारच मळके, ऑइल लागलेले कपडे असले तर मूठभर शिकेकाई. सुती साडीला शेवटी साबुदाण्याची पातळ खळ. एवढंच. वाचायला दोन मिनिटं लागतात.

चार महिन्यांत हात बरे झाले. कपडे नरम निघू लागले. एका गिऱ्हाइकाने तान्ह्या बाळाची दुपटी आणून दिली, मग तिच्या जावेने, मग पूर्ण कॉलनीने.

भावजयीला हे मी स्वतः दाखवलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस अमरावतीला राहिले होते. आईची पांढरी पातळं मी रिठ्याने धुतली. विहारात वंदनेला जाताना आमच्याकडे बाया पांढरंच नेसतात आणि आई त्याबाबतीत कडक आहे. पातळावर डाग दिसला तर ती घरीच बसते. भावजय तारेवरच्या पातळाचा पदर हातात घेऊन म्हणाली, "ताई, कसं निघालं हे! मलेबी दाखवा नं."

दाखवलं. तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. ती अंगणवाडीत कामाला आहे, बोलायला गोड, चार बायांत ऊठबस असणारी. मी तशी नाही. मी बोलले की बाया खुर्ची मागे सरकवतात.

वर्षभराने माहेरच्या मोहल्ल्यात एका लग्नाला गेले. जेवणाच्या पंगतीत शेजारची बाई माझे हात बघून म्हणाली, "धुलाईचा धंदा हाय नं तुमचा? मंग तुमच्या भावजईपासून थे रिठ्याचं पाणी शिकून घ्या. काय पाणी काढलं हो तिनं! हाताले काईच होत नाई."

मी वरणाचा हात तसाच ठेवून भावाला शोधलं. तो मंडपाच्या मागे पाण्याचे कॅन उतरवत होता.

"तुह्या बायकोनं काढलं काय रे थे पाणी?"

"कोणतं पाणी?"

"रिठ्याचं!"

"अवं ताई, लग्नात काय हे," तो म्हणाला. "तुह्यं काय आन तिचं काय. घरातलंच तं हाय."

घरातलंच आहे हे मला माहीत होतं. म्हणूनच जास्त लागलं. परक्या बाईने घेतलं असतं तर तिच्या दारात जाऊन भांडले असते. भावजयीला मी तेव्हा काहीच म्हटलं नाही. फक्त माहेरी जाणं कमी केलं आणि गेले तरी ती समोर आली की टीव्हीकडे बघायचं, असं चालू ठेवलं. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. चहा ती पहिल्यासारखाच आणून द्यायची.

गेल्या वैशाखात आईचा फोन आला. इकडची तिकडची विचारपूस झाल्यावर म्हणाली, "रयवारी विहारात तुही भावजय बायांले शिकवून रायली. पौर्णिमेच्या आधी साऱ्याजणी आपापलं पांढरं पातळ आणणार हायेत, तथीच धुणार हायेत."

"काय शिकवून रायली?"

"रिठ्याचं पाणी."

"कोणाचं पाणी, माय?"

"आता रिठ्याचं म्हणजे रिठ्याचं. त्याले काय कोणाचं बाई."

मी फोन ठेवला आणि शनिवारी सकाळच्या बसने निघाले. सोबत पाच किलो टरफलं, सोडा, आणि निघताना घेतलेली दोन किलो शिकेकाई. शिकेकाई पांढऱ्या कपड्यांना लागत नाही. पण माझ्या डोक्यात होतं की भावजयीला माहीत नाही असं काहीतरी त्या पाण्यात असलं पाहिजे. म्हणजे बायांना फरक कळेल.

घरी पोचले तेव्हा भावजय दारातच होती. "बरं झालं आल्या ताई," ती म्हणाली. "मले थोडं भ्याव वाटून रायलं होतं. बावीस पातळं हायेत."

"कशात करणार हायेस?"

तिने जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं दाखवलं. त्यात आठ-नऊ पातळांचं पाणी झालं असतं.

"दोन-तीनदा उकळीन नं," ती म्हणाली.

"लग्नाचा स्वयंपाक तीनदा करते काय कोणी? उद्याचं पाणी मी करतो. तू बाजूले राय."

ती बाजूला राहिली. हे नीट सांगते, कारण पुढे महत्त्वाचं आहे. त्यानंतर तिने कशाला हात लावला नाही, कारण मी लावू दिला नाही.

मोठं भांडं आणायला मी मंडपवाल्याकडे गेले. लग्नाचे दिवस. जर्मनची सगळी मोठी पातेली गेलेली. उरली होती एक लोखंडाची कढई, भजी-जिलबी तळायची, दोन माणसांनी उचलावी एवढी. तिच्यावर कित्येक वर्षांच्या तेलाचा काळा, गुळगुळीत थर.

"अशी तेलकट मी नेत नाई," मी म्हटलं. "पांढरे पातळं धुवाचे हायेत."

"बाई, थे तेल नाई, थो कढईचा रंग हाय. थो नाई निघत."

"न निघाले काय झालं? ईट घे, रेती घे. आतून चांदी दिसली पायजे. नाई तं भाडं अर्धं."

अर्ध्या तासाने तो माझ्यापुढे हरला. त्याने दोन माणसं लावली, विटेचा भुगा आणि रेती घेऊन कढई आतून घासायला लावली, आणि खरंच तिचं लोखंड पांढरंफटक दिसू लागलं. वर भाडंही थोडं कमी केलं, शेगडी आणि झारा त्याच भाड्यात दिला आणि स्वतःच्या गाडीवर विहारापर्यंत पोचवून दिलं. अमरावतीत माझी ओळख नसताना एवढं झालं म्हणून मी खुशीत होते. संध्याकाळीच कढईत टरफलं आणि शिकेकाई भिजत घातली.

रविवारी सकाळी उकळी आली तेव्हा पाणी गडद दिसत होतं. रिठ्याचं पाणी तसंही तपकिरी असतं. हे काळसर होतं. भावजय लांबून म्हणाली, "ताई, याचा रंग असा कायले दिसते?"

"ताकद हाय त्याची," मी म्हटलं.

विहाराच्या अंगणात बाया जमल्या. मंडळाच्या अध्यक्षबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, खुर्चीवर बसल्या. मी टरफल हातात घेऊन सांगायला सुरुवात केली. वाटी किती, पाणी किती, सोडा कधी, फडकं कोणतं. चांगलं बोलले, असं मला वाटतं. एकीनेही खुर्ची मागे घेतली नाही. मधेच एकजण म्हणाली, "हो, हे तं आमाले मालूम हाय, वयनीनं सांगितलं होतं," तेव्हा माझा आवाज थोडा चढला, पण मी थांबले नाही.

तीन टपांत पाणी ओतलं. बावीस पातळं भिजवली, अर्ध्या तासाने चुबकली, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढली आणि अंगणात बांधलेल्या दोऱ्यांवर टाकली. वैशाखाचं ऊन. ओली असताना सगळी सारखी दिसत होती. वाळत गेली तसे डाग वर आले. करडे, जांभळट, घडी पडली होती तिथे पट्टे आणि मधे तळहाताएवढाले ठिपके. एकावर नाही. बावीसच्या बावीस.

 मग एकजण ओरडली, "अवं माय! हे काय झालं वं?"

"माह्या लेकीनं पयल्या पगाराचं घेतलं होतं हे!" दुसरी म्हणाली आणि पदर उन्हात धरून घासू लागली.

"पौर्णिमा चार दिवसांवर हाय. नेसू काय आता? गाऊन घालून येऊ काय विहारात?"

मी भावजयीकडे वळले. बोलण्याआधी विचार करायची सवय मला नाही.

"काय टाकलं वं तू याच्यात?"

"म्या?" ती म्हणाली. "म्या तं हात नाई लावला ताई. तुमी लावू देल्ला काय कोणाले?"

हे खरं होतं आणि बावीस बायांनी पाहिलं होतं. अध्यक्षबाई खुर्चीवरून उठल्या. शाळेत वर्गात विचारतात तसं त्यांनी विचारलं, "एक मिनिट. गोंधळ नको. हे पाणी मुळात कोणाचं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत भावजय म्हणाली, "ताईचं हाय, बाई. पयलेपासून ताईचंच हाय. म्या त्यायच्यापासूनच शिकली. अकोल्याले त्यायनं दोन वर्षं करकरून काढलं."

तीन वर्षं मी हे वाक्य ऐकायला बसले होते. बसमध्ये, इस्त्री करताना, किती वेळा मी ते तिच्याकडून मनातल्या मनात वदवून घेतलं होतं. पंगतीत, लग्नात, चार बायांसमोर. आता ती बावीस बायांसमोर, माईक असल्यासारखी, सगळं खरं सांगत होती. दोन वर्षांचाही उल्लेख केला. काही म्हणजे काही सोडलं नाही.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हणता आलं असतं, तीन वर्षं तर तुम्ही सगळ्या वयनीचं पाणी म्हणत होत्या, आज बरं माझं झालं. ते ओठापर्यंत आलं होतं. पण आयुष्य सौदे करण्यात गेलं आहे. माल आपला म्हटला की त्याची खोटही आपल्याच पदरात येते. खोट दिसल्यावर माल माझा नाही म्हणणाऱ्याला बाजारात पुन्हा कोणी विचारत नाही. त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर ते पाणी कायमचं गेलं असतं.

"हो," मी म्हटलं. "माझं आहे."

"मग सांगा, काय चुकलं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. मी कोरा रुमाल कढईतल्या उरलेल्या पाण्यात बुडवला आणि उन्हात धरला. मग दुसरा रुमाल भावजयीच्या पातेल्यात, थोड्या टरफलांच्या ताज्या पाण्यात. दुसरा ठीक वाळला. पहिल्यावर तेच जांभळट करडे डाग. ते बघायला एक म्हातारी पुढे आली. तिने कढईत डोकावलं, आत उरलेल्या शेंगा झाऱ्याने वर काढल्या आणि तोंडाला पदर लावला.

"लोखंडात शिकेकाई उकळली काय वं बाई?" ती म्हणाली. "लोखंडात तं आमी केसं काळे कराले उकळतो! रातभर ठेवली काय? अवं, तुनं साऱ्या मंडळाच्या पातळाले कलप लावला!"

काही बाया हसल्या. जिचं लेकीच्या पगाराचं पातळ होतं ती हसली नाही. आणि मी, जिला हे आठव्या वर्षापासून माहीत होतं, जिची आई दर रविवारी लोखंडी तव्यात शिकेकाई-आवळा भिजवायची, त्याच मी मंडपवाल्याच्या दारात अर्धा तास भांडून कढईवरचा तेलाचा थर काढून घेतला होता. तो थर असता तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. कोरं लोखंड पाण्यात उतरलं ते माझ्या घासाघिशीने.

पण डाग लोखंडाचा आहे एवढं कळलं आणि मला हायसं वाटलं. लोखंडाचा डाग म्हणजे माझा रोजचा धंदा. शर्टाच्या हुकाचा गंज, खिडकीच्या गजावर वाळवलेल्या टॉवेलचा पट्टा, हे मी आठवड्याला चार काढते. लिंबू, मीठ आणि ऊन. लिंबू चोळायचं, मीठ भुरभुरायचं, उन्हात ठेवायचं, पण सुकू द्यायचं नाही. सुकत आलं की पुन्हा लिंबू. मग भरपूर पाणी.

"पातळं कोणी घरी नेऊ नका," मी म्हटलं. "साबण लावू नका. एक तास द्या मले."

वैशाखात लिंबू काय भावाने असतं हे सांगायला नको. भाजीबाजारात लिंबं घेऊन बसलेली बाई एक होती, आणि तिची टोपली लहान होती. सवयीने मी एक लिंबू उचलून दाबलं आणि म्हटलं, "रस कुठी हाय याच्यात?" तिने माझ्याकडे पाहिलं. मग मला अंगणातल्या दोऱ्या आठवल्या आणि मी म्हटलं, "टोपली दे." ती घाबरली. तिला वाटलं माझं काहीतरी बिनसलं आहे. कमी पडेल म्हणून किराण्यातून लिंबूसत्त्वाच्या पुड्याही घेतल्या.

परत आले तेव्हा बाया अंगणात सावलीला बसल्या होत्या आणि भावजय सगळ्यांना पाणी देत होती. पातळं तिने उतरवून पुन्हा ओली करून ठेवली होती. हे मी सांगायचं विसरले होते. तिला आपणहून सुचलं. मी टोपली ठेवली. बायांनी लिंबं कापायला घेतली.

मी आणि भावजय एका पातळाच्या दोन टोकांना बसलो.  मग मला राहवेना.

"मुद्दाम बोलली नं तू?"

"काय मुद्दाम?"

"आजच काहून सांगितलं? तीन वर्षं तोंड नव्हतं तुले?"

तिने हातातलं लिंबू पिळून टाकलं आणि दुसरं घेतलं. "तीन वर्षं कोणी इचारलंच नाई ताई, कोणाचं हाय म्हणून. आज इचारलं."

"आन तू आपणहून सांगितलं असतं तं?"

"सांगितलं असतं," ती म्हणाली. "खरं सांगू? बाया चांगलं म्हणत होत्या. मले बरं वाटे."

 खोटं बोलली असती तर मी तिला सोडलं नसतं. मी म्हटलं, "मीठ कमी टाक. धागा कुरतडते," आणि पातळ उलटं केलं.

दुपारपर्यंत एकोणीस पातळं स्वच्छ झाली. नीळ घालून काढली तेव्हा सकाळपेक्षा चांगली दिसत होती, असं दोघीतिघी म्हणाल्या. मी ते ऐकल्याचं दाखवलं नाही. तीन राहिली. त्यांच्यावर फिकी सावली होती. त्यात लेकीच्या पगाराचं एक होतं आणि अध्यक्षबाईंचं एक. ती तीन मी अकोल्याला घेऊन आले. दुकानाचं काम बाजूला ठेवून दोन दिवस त्यांच्यामागे लागले. मंगळवारी रात्री ती स्वच्छ निघाली, इस्त्री केली, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बसने जाऊन स्वतः विहारात नेऊन दिली. लेकीच्या पगारवाल्या बाईने पातळ उजेडात धरलं, आतून-बाहेरून पाहिलं, पदर नाकाला लावला आणि घडी केली. धन्यवाद म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं.

अध्यक्षबाई नळाजवळ उभ्या होत्या. हातात जाड पुठ्ठा आणि स्केचपेन.

"ती कृती लिहून नळापाशी टांगायची ठरली आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे पुन्हा घोळ नको. तुम्ही सांगा, मी लिहिते."

मी सांगत गेले, त्या वळणदार अक्षरात लिहीत गेल्या. सगळं झाल्यावर त्यांनी वर जागा सोडली होती तिथे पेन टेकवलं. "वर काय लिहू?"

"रिठ्याचं पाणी."

"कोणाचं?"

भावजय पलीकडे पायऱ्या झाडत होती. तिने झाडू थांबवला नाही.

"अकोलेवालीचं," मी म्हटलं. त्यांनी "अकोलेवाल्या ताईंचं" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग सगळ्यात शेवटी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात: लोखंडाच्या भांड्यात कदापि करू नये. यात एकदा बावीस पातळं खराब झाली आहेत.

"बावीस कशी?" मी म्हटलं. "एकोणीस त्याच दिवशी निघाली. खराब म्हणायची तर तीन. आन तीनही आता तुमच्यापाशी हायेत."

"खराब तर बावीसही झाली होती."

"झाली होती. राहिली किती? एकही नाही. मंग लिहिता काय?"

"लोकांना धाक बसायला आकडा लागतो."

"धाक बसन. तुमी 'कदापि' लिहिलं नं?"

पाव तास गेला. त्या शिक्षिका होत्या, सहजी सोडणाऱ्या नव्हत्या. शेवटी आकडा खोडून त्यांनी "एकदा पातळांवर डाग पडले होते" एवढं केलं. मी "पडले होते, पण निघाले" असं मागितलं. ते मिळालं नाही. नाव वर होतं, तेव्हा मी तिथे थांबले.

भावजयीने पुठ्ठ्याला खिळ्याने भोक पाडलं, सुतळी ओवली आणि तो नळाच्या पाइपला बांधला. गाठ सैल होती. मी ती सोडली आणि परत बांधली.